भौतिकशास्त्र की जीवभौतिकी? आधी वगळलेले पेपर बघा

प्रवेशाचे दिवस आले की विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये एक वाद नव्याने रंगतो. भौतिकशास्त्राची सरळ पदवी घ्यावी की जीवभौतिकीची? एक बाजू म्हणते, यापुढचा काळ जीवशास्त्राचा आहे, नुसतं भौतिकशास्त्र शिकून काय करणार? दुसरी बाजू म्हणते, जीवभौतिकी म्हणजे पाणी घातलेलं भौतिकशास्त्र, एक ना धड भाराभर चिंध्या. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही फक्त पदवीच्या नावाबद्दल बोलतात. त्या नावाखाली कोणते पेपर शिकवले जातात, कोणते काढून टाकले आहेत आणि काढलेल्यांची भरपाई पुढे करता येते का, हे प्रश्न तसेच राहतात. खरा निर्णय मात्र तिथेच होतो.

माझं म्हणणं असं. पदवीचं नाव काहीही असो, तिच्यात पाच गोष्टी पूर्ण हव्यात: गणिती पद्धती, विद्युतचुंबकत्व, क्वांटमचा निदान एक संपूर्ण पेपर, सांख्यिकीय भौतिकी आणि वरच्या वर्षाची प्रयोगशाळा. या पाचही शाबूत ठेवून जीवशास्त्र शिकवणारी जीवभौतिकीची पदवी मिळत असेल तर ती बेलाशक घ्यावी. यातलं एक जरी कापलेलं असेल तर भौतिकशास्त्र घ्यावं आणि दुसऱ्या वर्षापासून जीवशास्त्र हाताने शिकावं. ‘हाताने’ हा शब्द इथे मुद्दाम आहे, कारण भौतिकशास्त्राचे कैवारी नेमके तिथेच चुकतात.

आधी साधा हिशेब करू. पदवीचे तास ठरलेले असतात. जीवभौतिकीत सामान्य रसायनशास्त्राचे दोन, सेंद्रिय रसायनशास्त्राचे एक किंवा दोन, मग जीवरसायनशास्त्र, पेशीजीवशास्त्र, जनुकशास्त्र असे सहा-सात पेपर आत येतात. म्हणजे जवळपास तितकेच बाहेर जाणार. सहसा बाहेर जातात ते लाग्रांज-हॅमिल्टनची यांत्रिकी, विद्युतचुंबकत्वाचा दुसरा भाग, क्वांटमचा दुसरा भाग, घनावस्था भौतिकी, अणू आणि केंद्रकीय भौतिकी, कणभौतिकी. यातलं काही गेलं तर फारसं बिघडत नाही. पेशीचा अभ्यास करणाऱ्याला कणभौतिकी लागत नाही, व्यापक सापेक्षता तर मुळीच नाही. या पेपरांबद्दल हळहळणारे लोक विषयावरच्या प्रेमापोटी बोलतात; ते प्रेम मला कळतं, पण ते निवडीचं कारण होऊ शकत नाही. काळजी करावी अशी काटछाट वेगळी असते आणि ती सहज दिसत नाही. पेपर यादीत असतो, फक्त त्याचं नाव थोडं बदललेलं असतं: ‘सांख्यिकीय भौतिकी’च्या जागी ‘जीवविज्ञानासाठी ऊष्मागतिकी’, ‘गणिती पद्धती’च्या जागी ‘उपयोजित गणिताची ओळख’. नाव बदललं की आतलं बदललंच असं नाही, पण पुष्कळदा बदललेलं असतं. ओळखायची खूण जुन्या प्रश्नपत्रिकेत सापडते. ‘दोन अवस्थांच्या प्रणालीचं पार्टिशन फंक्शन लिहा आणि त्यावरून सरासरी ऊर्जा काढा’ असा प्रश्न असेल तर पेपर खरा आहे. ‘एन्ट्रॉपीवर टीप लिहा’ असा असेल तर तो ओळखपरेड आहे.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं मांडतो, कारण ते टाळून हा वाद जिंकण्यात अर्थ नाही. जीवभौतिकीचे समर्थक म्हणतात: भौतिकशास्त्र्यांना वाटतं, आपल्याकडे गणित आहे, जीवशास्त्र काय, चार पुस्तकं वाचून येईल. हा आरोप खरा आहे आणि त्याचा दाखलाही इतिहासात ठळक आहे. १९५३ मध्ये डीएनएची रचना समजली आणि लगेच प्रश्न उभा राहिला, चार अक्षरांत लिहिलेल्या मजकुरातून वीस अमिनो आम्लांची साखळी कशी ठरते? जॉर्ज गॅमॉव्ह हा नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ. १९५४ मध्ये त्याने एक संकेत सुचवला. डीएनएच्या पिळात चौकटीच्या आकाराच्या खाचा कल्पायच्या. त्यांचे प्रकार मोजले की बरोबर वीस भरतात. संकेत सुंदर होता आणि चुकीचा होता.

त्यानंतर १९५७ मध्ये फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी ‘स्वल्पविरामाविना’ वाचता येणारा संकेत मांडला. क्रिकची पहिली पदवी भौतिकशास्त्राची. त्यांचा युक्तिवाद आजही वाचताना थक्क व्हायला होतं. तीन-तीन अक्षरांचे शब्द एकूण चौसष्ट. मधे कुठलीही खूण नसताना मजकूर एकाच प्रकारे वाचता यायचा असेल तर एकच अक्षर तीनदा येणारे चार शब्द बाद करावे लागतात, कारण ते शेजारी-शेजारी आले की शब्द कुठे सुरू होतो हे कळत नाही. उरले साठ. ते तीन-तीनच्या गटांत पडतात, कारण प्रत्येक शब्द फिरवून आणखी दोन मिळतात. प्रत्येक गटातून एकच शब्द घेता येतो. साठ भागिले तीन, वीस! वीस अमिनो आम्लांना वीस शब्द. एवढं नेमकं उत्तर खोटं कसं असेल, असंच कुणालाही वाटलं असतं. पण १९६१ मध्ये मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई या दोन जीवरसायनशास्त्रज्ञांनी पेशीच्या अर्कात फक्त ‘यू’ हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला आरएनए घातला आणि त्यातून फेनिलॲलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी बाहेर आली. उलगडलेला पहिलाच शब्द म्हणजे ‘यूयूयू’, त्या सुंदर संकेताने बाद ठरवलेल्या चार शब्दांपैकी एक. परीक्षानळीत हात घालणाऱ्यांनी कागदावरच्या युक्तिवादाला एका प्रयोगात उत्तर दिलं. जीवसृष्टी उत्क्रांतीतून घडते, नेमक्या आणि देखण्या उत्तराची सक्ती तिच्यावर नाही. हे भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकायला मिळत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दाही मान्य करायला हवा. भौतिकशास्त्रातून येऊन जीवशास्त्र गाजवणाऱ्यांची नावं नेहमी सांगितली जातात: माक्स डेलब्रुक, मॉरिस विल्किन्स, सेमूर बेन्झर, वॉल्टर गिल्बर्ट. पण तरले त्यांचीच यादी होते. बुडाले त्यांची नावं कोण लिहून ठेवणार? आणि तरले त्यांनीही किंमत मोजली आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यानंतर तीन दशकांनी. पीएचडीनंतर पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करण्याची हिंमत आणि सवड किती जणांकडे असते? हीच गोष्ट पदवीतच का शिकवू नये, हा प्रश्न रास्त आहे.

मग इतकं सगळं मान्य करूनही भौतिकशास्त्राचा कणा अखंड हवा असा आग्रह का? कारण उलट बाजूने होणारी चूक तेवढीच महाग आहे आणि ती करणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. एक उदाहरण जवळून बघू.

पेशीत काइनेसिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीतल्या रुळासारख्या सूक्ष्मनलिकेवरून मालाची पोतडी ओढत चालतं. त्याचं पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि एका पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. ते किती जोर लावतं हे प्रकाशचिमट्याने मोजतात. अवरक्त लेझरचा झोत सूक्ष्मदर्शकाच्या ताकदवान भिंगातून एका बिंदूवर आणतात. १ मायक्रोमीटरचा प्लॅस्टिकचा मणी त्या बिंदूत अडकतो आणि स्प्रिंगला बांधल्यासारखा वागतो. मण्यावर काइनेसिन चिकटवायचं, ते मण्याला ओढत नेतं, स्प्रिंग ताणली जाते, शेवटी ते थबकतं. मणी किती सरकला गुणिले स्प्रिंगचा कडकपणा, झाला जोर. पण हा कडकपणा कुठून आणायचा? तो मण्याच्या थरथरण्यातून काढतात. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा, म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरते. ऊर्जेच्या समविभागणीनुसार कडकपणा म्हणजे ही ऊर्जा भागिले मण्याच्या विचलनाच्या वर्गाची सरासरी. मणी सरासरी १० नॅनोमीटर थरथरत असेल तर कडकपणा प्रति नॅनोमीटर ०.०४१ पिकोन्यूटन. एका ओळीचं गणित आहे, कुणीही पाठ करू शकेल.

आता घोडं कुठे अडतं ते बघा. पाण्याचा या मण्याला होणारा विरोध आणि हा कडकपणा घेतला तर मणी आपली जागा सुमारे ०.२३ मिलिसेकंदात विसरतो. कॅमेऱ्याचं शटर १ मिलिसेकंद उघडं असेल तर तेवढ्या वेळात मणी चार-पाच वेळा इकडून तिकडे हललेला असतो आणि चित्रात त्याची सरासरी जागा दिसते. थरथर प्रत्यक्षाहून कमी दिसते. हिशेब केला तर विचलनाच्या वर्गाची सरासरी साधारण ३६ टक्क्यांवर येते, म्हणजे कडकपणा २.८ पट दिसतो. काइनेसिन थबकतं तो जोर सुमारे ६ पिकोन्यूटन, या चिमट्यात मणी सुमारे १५० नॅनोमीटर सरकल्यावर. चुकलेल्या कडकपणाने तोच जोर १७ पिकोन्यूटन भरतो. उपकरण कुरकुरत नाही, आलेख गुळगुळीत येतो, आकडा दरवेळी तोच येतो. विद्यार्थी खुशीत असतो.

ज्याने सांख्यिकीय भौतिकी आणि गणिती पद्धती पूर्ण शिकल्या आहेत तो इथे थांबतो. १७ पिकोन्यूटन गुणिले ८ नॅनोमीटर म्हणजे एका पावलाचं काम सुमारे १३५. पेशीतल्या परिस्थितीत एटीपीच्या एका रेणूतून मिळते ८० ते १०० पिकोन्यूटन-नॅनोमीटर. प्रथिन मिळालेल्या ऊर्जेपेक्षा जास्त काम करतंय? मग मोजमापच चुकलं असणार. खरा आकडा घेतला तर ६ गुणिले ८, अठ्ठेचाळीस. कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास, आणि ते पटण्यासारखं आहे. चूक शोधायची तर थरथरीचा वारंवारता-आलेख काढावा लागतो, त्यातली वळणाची वारंवारता बघावी लागते, म्हणजे फूरिए रूपांतर हातात मुरलेलं लागतं. आणि समजा चूक उलट दिशेची असती, टेबल हळूहळू सरकत असतं, तर विचलन जास्त दिसून कडकपणा कमी भरला असता. दोन चुका एकमेकींना झाकूसुद्धा शकतात. सूत्र पाठ असणं आणि सूत्र कधी फसवतं हे कळणं यांत जे अंतर आहे, ते या पेपरांमध्ये सोडवलेल्या शेकडो उदाहरणांतून भरतं. पेपर कापला की आधी जातात ती ही उदाहरणं. सूत्र तेवढं राहतं.

इथे कुणी म्हणेल, फूरिए ठीक आहे, पण फर्मी-डिरॅक सांख्यिकी पेशीच्या माणसाला कशाला? धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित ते. प्रश्न वाजवी आहे, उत्तर मात्र अनपेक्षित आहे. स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये ऑक्सिजनसाठी एकच जागा असते: रिकामी किंवा भरलेली, तिसरी शक्यता नाही. ती भरलेली असण्याची शक्यता रासायनिक विभवाच्या भाषेत लिहून काढा. हातात पडतं ते हुबेहूब फर्मीचं सूत्र. एका जागेत फार तर एकच, एवढी अट दोन्हीकडे सारखी, म्हणून गणितही सारखं. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार जागा एकमेकींवर परिणाम करतात, तिथे हेच गणित पुढे न्यावं लागतं. धातूच्या वर्गात शिकलेली गोष्ट रक्ताच्या वर्गात कामी येते, आणि ती येणार हे अभ्यासक्रम कापणाऱ्याला आधी कळत नाही. काय लागेल ते आज ठरवून तेवढंच शिकवायचं, या धोरणातला धोका हाच आहे. क्वांटमचंही तेच. एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने का घटतो, आणि म्हणून ५ नॅनोमीटरच्या आसपासची अंतरं त्यावरून का मोजता येतात, हे समजून घ्यायचं तर द्विध्रुव आणि ऊर्जापातळ्या यांच्याशी ओळख लागते. प्रकाशाच्या विवर्तनाची जवळपास २०० नॅनोमीटरची मर्यादा ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एरिक बेटझिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. तिघांचंही पदवीशिक्षण भौतिकशास्त्राशी जोडलेलं होतं. पुढे कोणतं साधन शोधायचं आहे हे अठराव्या वर्षी त्यांना कुणी सांगितलं असतं?

‘मग जीवशास्त्रातून भौतिकशास्त्रात का जाता येत नाही? एकाच दिशेचा रस्ता कसा?’ हा आक्षेप नेहमी येतो, आणि भौतिकशास्त्राची माणसं त्याला फार सहज उत्तर देतात: आमचा विषय अवघड आहे म्हणून. हे उत्तर उद्धट आहे आणि इतिहासाला धरूनही नाही. हेर्मान हेल्महोल्ट्झ वैद्यकशास्त्र शिकलेला. बेडकाच्या मज्जातंतूत संदेश किती वेगाने जातो हे त्याने १८५० च्या सुमारास मोजलं आणि पुढे त्या काळातल्या थोर भौतिकशास्त्रज्ञांमध्ये त्याची गणना झाली. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे त्रिज्या १० टक्के घटली की प्रवाह तिसऱ्या हिश्श्याने घटतो, हे प्वाझयने दाखवलं. तो डॉक्टर होता. विसरणाचे, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचे, नियम १८५५ मध्ये मांडणारा आडोल्फ फिक शरीरक्रियाशास्त्रज्ञ. रस्ता दोन्ही दिशांनी वाहत होता. आज तो एका दिशेने जास्त वाहतो याचं कारण बुद्धीत नाही, विषयांच्या बांधणीत आहे. भौतिकशास्त्र मजल्यांसारखं रचलेलं आहे. कलनाशिवाय यांत्रिकी नाही, रेषीय बीजगणिताशिवाय क्वांटम नाही, क्वांटमशिवाय सांख्यिकीय भौतिकीचा निम्मा भाग नाही. एक मजला गाळला की वरचे सगळे अधांतरी. जीवशास्त्र गावासारखं पसरलेलं आहे. अनेक वेशींनी आत शिरता येतं. जनुकशास्त्रातून आलात तरी पेशीजीवशास्त्राच्या गल्लीत पोचता. म्हणून पंचविसाव्या वर्षी मजले चढायला लागणं जास्त जड जातं. प्वाझयही वैद्यकाकडे वळण्याआधी एकोल पोलितेक्निकमध्ये गणित-भौतिकी शिकला होता आणि फिकचा ओढा सुरुवातीला गणिताकडेच होता, हे विसरून चालणार नाही.

हा पसरटपणा म्हणजे सोपेपणा नव्हे, आणि इथे मला भौतिकशास्त्र निवडणाऱ्यांशी स्पष्ट बोलायचं आहे. जीवशास्त्राची माहिती पुस्तकातून मिळते, जीवशास्त्राची विवेकबुद्धी मिळत नाही. प्रकाशचिमट्याचाच प्रयोग पुन्हा घ्या. गणितात पक्का विद्यार्थी कडकपणा अचूक काढतो आणि त्याचे सगळे मणी काचेला चिकटून बसतात, कारण काचेवर आधी केसीनसारख्या प्रथिनाचा थर द्यायचा असतो हे त्याला ठाऊक नसतं. एटीपीचं द्रावण आम्लधर्मी असतं. ते उदासीन न करता घातलं की मिश्रणाचा सामू घसरतो आणि प्रथिन मान टाकतं. त्याहून घातक चूक म्हणजे मण्यावर किती काइनेसिन बसली आहेत हे न बघणं. दोघांनी मिळून ओढलेला जोर एकट्याचा म्हणून नोंदला जातो. उपाय असा की प्रथिन इतकं विरळ करायचं की बहुतेक मणी हलणारच नाहीत. निम्मे मणी हलत असतील तर पॉयसाँच्या हिशेबाने हलणाऱ्यांपैकी जवळपास ३१ टक्क्यांवर दोन किंवा जास्त प्रथिनं असतात. ३० टक्के हलत असतील तर सुमारे १७ टक्क्यांवर. दहांतला एकच हलत असेल तर सुमारे ५ टक्क्यांवर. म्हणजे चांगला प्रयोग तो, ज्यात दहांतले नऊ मणी ढिम्म असतात! पहिल्यांदा करणाऱ्याला ते अपयश वाटतं आणि तो प्रथिन वाढवतो. इथे गणित आणि हात दोन्ही एकाच क्षणी लागतात.

याच जातीची आणखी एक चूक पेशी मोजताना होते. एकाच बशीतल्या शंभर पेशी मोजून विद्यार्थी ‘नमुना शंभर’ असं लिहितो. भौतिकशास्त्रात शंभर वाचनं म्हणजे शंभर वाचनं, चूक दसपट कमी. पण त्या शंभर पेशींना एकच खाद्य, एकच तापमान, एकाच दिवसाचं नशीब मिळालेलं असतं. दुसऱ्या दिवशी नव्या बशीत वेगळं उत्तर येतं. प्रयोगाचा नमुना एक होता, शंभर नव्हता. हे वाक्य वाचून समजतं, पण तीन आठवडे वाया गेल्याशिवाय अंगात भिनत नाही. म्हणून भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या ओल्या प्रयोगशाळेत निदान सहा ते आठ आठवडे काम करावं: जीवाणू वाढवणं, प्रथिन वेगळं काढणं, जेलवर ते तपासणं, पिपेटने दहा वेळा पाणी काढून तराजूवर वजन करून आपला हात किती चुकतो ते बघणं, आणि प्रत्येक प्रयोगाला नियंत्रण-नमुने लावणं, त्यातही प्रथिन न घातलेला एक. डेलब्रुकने १९४५ पासून जीवाणूभक्षक विषाणूंचा जो उन्हाळी वर्ग सुरू केला, तो काही आठवड्यांचाच असे. भौतिकशास्त्रातून आलेली माणसं तिथे बशा मांडायला आणि डाग मोजायला शिकली. १९६१ मध्येच क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी संकेत तीन-तीन अक्षरांचा आहे हे त्याच जातीच्या विषाणूंवर प्रयोग करून दाखवलं, आणि त्या प्रयोगाची जनुकीय पद्धत घडवली होती बेन्झरने, भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसाने. चार वर्षांपूर्वी कागदावर सुंदर पण खोटा संकेत लिहिणारा क्रिक तोच. मधल्या काळात त्याचं भौतिकशास्त्र बदललेलं नव्हतं. बदलला तो कामाचा जिन्नस: कागदाच्या जागी बशी आली.

नोकरीच्या अंगाने जे बोललं जातं ते थोडक्यात आटोपतो, कारण त्यात गोंधळ एकच मोठा आहे. जीवभौतिकी आणि वैद्यकीय भौतिकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा ठरवणारा, यंत्रांची तपासणी करणारा भौतिकशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर अणू आणि केंद्रकीय भौतिकी लागते, आणि जीवभौतिकीत सहसा कापला जाणारा पेपर नेमका तोच. नावातल्या ‘जीव’ शब्दावर भुलून या वाटेने गेलेल्याला पुढे पाया पुन्हा भरावा लागतो. उलट डॉक्टरच व्हायचं असेल आणि आपल्याकडे पदवीनंतर वैद्यकाला प्रवेश मिळत असेल, तर जीवभौतिकी निःसंकोच घ्यावी. तिथे लागणारं रसायन आणि जीवशास्त्र त्यातच होऊन जातं. संगणकीय कामाकडे वळणाऱ्याला दोन्ही पदव्या चालतात, संभाव्यता आणि संगणन पक्कं असलं की झालं. ‘स्कोप कशात जास्त’ या प्रश्नात याहून फारसं काही नाही.

आता हातात अभ्यासक्रम घेतलेल्याने काय करावं? दोन्ही पदव्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या याद्या शेजारी ठेवून फरकाचे पेपर लिहून काढावेत. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा: हे मला शिक्षकाविना, उदाहरणं तपासून देणाऱ्याविना जमेल का? कणभौतिकीपुढे ‘नको’ लिहून पुढे जाता येतं. पेशीजीवशास्त्राच्या माहितीपुढे ‘जमेल’ लिहिता येतं, प्रॅक्टिकलपुढे येत नाही. सांख्यिकीय भौतिकीपुढे ‘जमेल’ लिहिण्याआधी एक साधी कसोटी घ्या. पेशीतल्या प्रथिनाचं विसरण सेकंदाला १० वर्ग-मायक्रोमीटर या गुणांकाने होतं. १ मायक्रोमीटर जायला त्याला किती वेळ लागेल आणि १ मीटर लांबीच्या मज्जातंतूच्या टोकाला पोचायला किती? पहिलं उत्तर येतं सेकंदाचा विसावा भाग, दुसरं सुमारे १,६०० वर्षं. अंतर दशलक्षपट, वेळ त्याच्या वर्गाच्या पटीत. म्हणून तर मज्जातंतूत काइनेसिनसारखे हमाल लागतात. हा हिशेब करताना हुरूप आला की कंटाळा, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. कंटाळा आला असेल तर जीवरसायनशास्त्राची पदवी जास्त मानवेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एका बाबतीत मात्र थांबून चालत नाही. पहिली दोन वर्षं दोन्हीकडे बरीचशी सारखी असल्याने निर्णय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घेतला तरी चालतो, अपवाद रसायनशास्त्राचा. सामान्य रसायनाची दोन सत्रं, मग सेंद्रियची दोन, मग जीवरसायन: ही साखळी पाच सत्रांची आहे आणि तिच्यातली कडी ओलांडता येत नाही. पहिल्या सत्रात सुरू केली तर तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जीवरसायन हाती येतं. तिसऱ्या वर्षी सुरू केली तर चार वर्षांच्या पदवीतही पुरी होत नाही, मग जीवभौतिकीचा दरवाजा न विचारता बंद झालेला असतो. म्हणून मन पक्कं नसलेल्याने, भौतिकशास्त्रच घ्यायचं असं जवळपास ठरलेलं असलं तरी, पहिल्या सत्राच्या अर्जात ऐच्छिक विषयाच्या रकान्यात रसायनशास्त्र भरावं, प्रॅक्टिकलसकट.